एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल: १९७९ चा एक निर्णय आणि आजचा कंटेनर

क्लाउडच्या डॅशबोर्डवर डेटाबेसचा पत्ता भरला, सेव्ह केला, तरी कंटेनरमधील प्रोग्रॅमला तो दिसत नाही. पहिल्याच प्रकल्पात बहुतेक विद्यार्थ्यांना हा दोष भेटतो. त्याचे मूळ समजण्यासाठी आपल्याला क्लाउडच्या बरेच मागे जावे लागेल.

बेल लॅब्समधील सुरुवातीच्या युनिक्समध्ये प्रोग्रॅमला आदेशासोबत लिहिलेले शब्द, म्हणजे आर्ग्युमेंट, तेवढेच मिळत. १९७९ मधील सातव्या आवृत्तीत त्यात भर पडली. नवा प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या सिस्टिम कॉलला 'नाव=किंमत' अशा ओळींची आणखी एक यादी देता येऊ लागली. त्याच आवृत्तीत स्टीफन बोर्न यांचे शेल आले. एखादे व्हेरिएबल या यादीत घालायचे असेल तर त्यात 'एक्स्पोर्ट' हा आदेश द्यावा लागे. न दिल्यास ते शेलपुरतेच राही.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. ही यादी सामायिक नसते. पालक प्रोसेस आपल्या अपत्याला जन्माच्या वेळी तिची प्रत देते. नंतर पालकाने आपली यादी बदलली तरी अपत्याला ते कळत नाही, आणि अपत्याने केलेला बदल पालकाकडे परत जात नाही. एका टर्मिनलवर बसलेल्या माणसासाठी ही सोय पुरेशी होती.

पुढे २०११ मध्ये हेरोकू कंपनीच्या अ‍ॅडम विगिन्स यांनी 'ट्वेल्व्ह-फॅक्टर ॲप' ही तत्त्वे मांडली. पासवर्ड, पत्ते वगैरे कॉन्फिगरेशन कोडमध्ये न लिहिता एन्व्हायर्नमेंटमध्ये ठेवावे, हे त्यांतील एक. २०१३ मध्ये डॉकर आले आणि ही पद्धत सर्वत्र रुळली. सल्ला योग्यच होता. पण एका टर्मिनलपुरती सोय आता अनेक यंत्रांवर पसरलेल्या व्यवस्थेचा भार वाहू लागली.

कंटेनर ही शेवटी एक प्रोसेसच, म्हणून जुना नियम तिलाही लागू. डॅशबोर्डवरील किंमत बदलली तरी चालू कंटेनरकडे जुनीच प्रत असते. डॉकरमध्ये कंटेनर नुसता रीस्टार्ट करून भागत नाही, तो नव्याने तयार करावा लागतो. कुबरनेटिसमध्येही कॉन्फिगमॅपमधून घेतलेले व्हेरिएबल नवा पॉड सुरू झाल्यावरच बदलते.

जन्मवेळेचा घोळ आणखी एका ठिकाणी होतो. डॉकरफाइलमधील 'आर्ग' फक्त इमेज बांधताना उपलब्ध असते, 'एन्व्ह' मात्र कंटेनर चालतानाही राहते. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या रिॲक्टसारख्या ॲप्लिकेशनमध्ये तर किंमत बांधणीच्या वेळीच फाइलमध्ये कोरली जाते. मग सर्व्हरवर काहीही भरा, उपयोग शून्य. डॉट-एन्व्ह फाइलचे नावही फसवे आहे. डॉकर कंपोज ती आपल्या फाइलमधील रिकाम्या जागा भरण्यासाठी वाचते. कंटेनरला ती हवी असेल तर तसे वेगळे सांगावे लागते.

सर्वांत जास्त वेळ खातो तो मात्र कोडमधला पर्यायी पत्ता. व्हेरिएबल न मिळाल्यास 'लोकलहोस्ट' वापरा, असे कुणीतरी सोयीसाठी लिहून ठेवलेले असते. मग त्रुटी दिसते ती 'जोडणी नाकारली' अशी, आणि सगळे नेटवर्क तपासत बसतात. माझ्या मते आवश्यक किंमत नसेल तर प्रोग्रॅमने सुरुवातीलाच त्या व्हेरिएबलचे नाव सांगून थांबावे.

तपासताना कंटेनरमध्ये शेल उघडून 'प्रिंटएन्व्ह' चालवण्याची पद्धत आहे. पण ते शेल ही वेगळी प्रोसेस असते. सुरुवातीच्या स्क्रिप्टने एक्स्पोर्ट केलेले व्हेरिएबल त्यात दिसत नाही, मूळ प्रोग्रॅमला मात्र मिळालेले असते. म्हणून लिनक्समध्ये 'प्रॉक' डिरेक्टरीत त्या प्रोसेसच्या क्रमांकाखालील 'एन्व्हायरन' फाइल वाचावी. प्रोग्रॅमला सुरू होताना कोणती यादी मिळाली, ते तेथे दिसते.