अडलेल्या पायरीची कुळकथा

गणिताचा प्रश्न चारचौघांत मांडायची रीत जुनी आहे. पण कित्येक शतकं प्रश्न मांडणाऱ्याच्या खिशात उत्तर आधीपासून असायचं. आपल्याला येत नाही म्हणून प्रश्न मांडायचा, तोही अनोळखी माणसांपुढे, ही रीत त्या मानाने अलीकडची. शहापूर तालुक्यातल्या किन्हवलीतली बारावी सायन्सची एखादी मुलगी रात्री वहीच्या पानाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकते आणि खाली लिहिते, 'इथपर्यंत आलं, पुढे अडलंय', तेव्हा ती ही दुसरी रीत पाळत असते. लॉग एक्सचं इंटिग्रेशन करायचंय. बाय पार्ट्सला दोन फंक्शन लागतात आणि इथे तर एकच दिसतं. मुरबाडकडचा कुणी लिहितो, 'अगं, शेजारी 1 आहे असं समज आणि त्यालाच दुसरं फंक्शन धर.' पुढचं ती स्वतः करते : एक्स लॉग एक्स, वजा एक्स, अधिक सी.

आपल्याकडचा पहिला धागा खानदेशात सापडतो. भास्कराचार्यांनी 1150 मध्ये 'सिद्धान्तशिरोमणी' लिहिला. 'लीलावती' आणि 'बीजगणित' हे त्याचेच भाग. 'लीलावती'तलं एक उदाहरण, मुंबईला पाणी पुरवणाऱ्या शहापूर तालुक्यात लगेच कळेल असं : चार झरे एक तळं अनुक्रमे एका दिवसात, अर्ध्या, एक तृतीयांश आणि एक षष्ठांश दिवसात भरतात, चारही एकदम सोडले तर किती वेळ लागेल? दिवसाला एक, दोन, तीन आणि सहा तळी, म्हणजे एकूण बारा. उत्तर दिवसाचा बारावा भाग. अशा उदाहरणांचा सूर ठरलेला : येत असेल तर सांग. विचारणारा गुरू असतो आणि तो शिष्याला जोखत असतो. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखावरून कळतं की भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला आणि 1207 मध्ये निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला दान दिलं. हा लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला; दानाचा तपशील त्यात मराठीत आहे. गणित एकत्र बसून शिकायचं, त्याचा खर्च गावाने उचलायचा, ही सोय आपल्याकडे आठशे वर्षांपूर्वी झाली होती. मात्र त्यासाठी पाटणला जाऊन राहावं लागे.

युरोपात याच काळानंतर प्रश्नाला कुस्तीच्या फडाचं रूप आलं. 1535 मध्ये इटलीत फिओरे आणि टार्टाग्लिया या गणितज्ञांनी एकमेकांना तीस-तीस प्रश्न घातले. फिओरेकडे गुरूकडून मिळालेलं गुपित होतं : एका जातीचं त्रिघाती समीकरण सोडवायची रीत. त्याचे तीसही प्रश्न त्याच जातीचे. टार्टाग्लियाने ती रीत स्वतः शोधून काढली आणि तो जिंकला. पण जिंकल्यावर त्यानेही ती लपवूनच ठेवली. शेवटी कार्दानोने 1545 मध्ये ती छापली, तेव्हा त्याच्या नावाने टार्टाग्लियाने आकांडतांडव केलं. बीजगणित तेव्हा पोटापाण्याचं हत्यार होतं. ते कोण वाटून घेणार?

कॅल्क्युलसचा जन्मही असाच आव्हानांच्या वातावरणातला. एका बिंदूपासून खालच्या, पण थेट खाली नसलेल्या, दुसऱ्या बिंदूपर्यंत गोळी कमीत कमी वेळात घरंगळायची तर वाट कोणत्या आकाराची हवी, हा प्रश्न योहान बेर्नुलीने 1696 मध्ये साऱ्या युरोपपुढे टाकला. त्यालाही उत्तर ठाऊक होतं. बाकीच्यांना येतं का, ते पाहायचं होतं. न्यूटनने उत्तर पाठवलं ते निनावी. वाट सरळ रेषेची नाही, सायक्लॉइडची निघाली. सरळ रस्त्यावर चाललेल्या चाकाच्या काठावरचा बिंदू जी कमान काढतो, ती उलटी केली की ही वाट.

आव्हानाच्या या घराण्यात विचारणेची शाखा फुटायला एकोणिसावं शतक संपत यावं लागलं. 1894 मध्ये फ्रान्समध्ये लेझाँ आणि लमुआन या दोघांनी एक नियतकालिक काढलं. त्याचं कामच मुळी मध्यस्थाचं : ज्याला काही कळत नाही त्याने प्रश्न पाठवावा, ज्याला कळतं त्याने उत्तर. आपलं अज्ञान छापून आणायला गणितज्ञाला हक्काची जागा मिळाली.

आपल्याकडे तेरा वर्षांनी जे घडलं, त्याच्या मुळाशी टंचाई होती. आंध्रातल्या गुत्तीचे डेप्युटी कलेक्टर व्ही. रामस्वामी अय्यर यांना गणिताचं वेड. परदेशी नियतकालिकं एकट्याला परवडत नाहीत, तर सगळ्यांनी वर्गणी काढून मागवावी आणि आळीपाळीने वाचावी, या विचारातून त्यांनी 1907 मध्ये 'अ‍ॅनालिटिक क्लब' काढला. हाच क्लब पुढे इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी बनला. तिचं ग्रंथालय ठेवलं गेलं पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात. प्राचार्य होते केंब्रिजचे सीनियर रँग्लर र. पु. परांजपे. पाटणच्या मठात माणसं ग्रंथापाशी जात. आता ग्रंथ टपालाने माणसापाशी जाऊ लागला.

संस्थेच्या नियतकालिकात वाचकांसाठी प्रश्न येत. 1911 मध्ये रामानुजन यांनी त्यात एक प्रश्न दिला : वर्गमुळाच्या आत 1 अधिक 2 गुणिले वर्गमूळ, त्याच्या आत 1 अधिक 3 गुणिले वर्गमूळ, असं अखंड चालू ठेवलं तर किंमत किती? कुणाचंही उत्तर आलं नाही. अखेर त्यांनीच ते दिलं : 3. गंमत अशी की गाभा दहावीच्या मुलालाही दिसतो. 3 म्हणजे 9 चं वर्गमूळ आणि 9 म्हणजे 1 अधिक 2 गुणिले 4. तो 4 म्हणजे 16 चं वर्गमूळ, 16 म्हणजे 1 अधिक 3 गुणिले 5. पुढे 5 ची तीच गत. पण हाही प्रश्न आव्हानाचाच. रामानुजन कुठे अडले नव्हते, वाचक अडले होते. आणि आपण कोणत्या पायरीवर अडलो हे कळवायची सोय त्या पानावर नव्हती. पूर्ण उत्तर असेल तरच छापायचं, ही छापील कागदाची शिस्त.

ती शिस्त तारेने मोडली. 1980 च्या सुमारास अमेरिकेतल्या विद्यापीठांत यूजनेट सुरू झालं आणि पुढे त्यावर गणिताचेही गट निघाले. अर्धवट प्रश्न, अर्धवट उत्तर, सगळं चालू लागलं. अडचण लिहिण्याची होती : घात, वर्गमूळ, इंटिग्रलची खूण कळफलकावर नाही. डोनाल्ड क्नुथ यांनी 1978 मध्ये टेक्स ही अक्षरजुळणीची रीत आणली आणि गणित लिहायला सर्वांना एक लिपी मिळाली, पण ती शिकावी लागते. किन्हवलीच्या मुलांना ती शिकावी लागली नाही, कारण तोवर फोनला कॅमेरा आला होता.

अर्धवट उत्तराला खरी प्रतिष्ठा दिली ती 2009 मध्ये केंब्रिजच्या टिमथी गॉवर्स यांनी. फील्ड्स पदक मिळालेल्या या गणितज्ञाने एक अवघड सिद्धता शोधायचं काम इंटरनेटवर सगळ्यांसमोर मांडलं आणि अट घातली की कोपऱ्यात बसून पूर्ण करू नका. जे सुचेल तेवढंच, कच्चं असलं तरी, लगेच सांगा. फील्ड्स पदकवाल्यांपासून शाळेतल्या शिक्षकापर्यंत अनेकांनी हात लावला आणि सुमारे सहा आठवड्यांत गणित सुटलं. पॉलिमॅथ या सामाईक नावाने ते छापलं गेलं.

शहापूर तालुक्यातही तंत्र उशिरा पोचलं नाही. पष्टेपाड्याची जिल्हा परिषद शाळा राज्यातल्या सुरुवातीच्या डिजिटल शाळांमध्ये गणली जाते. मार्च 2020 मध्ये कोरोनामुळे शाळा-कॉलेजं बंद झाली आणि सरांच्या फळ्याची जागा ग्रुपने घेतली. त्यात एक गोष्ट आपसूक ठरली : नुसतं उत्तर टाकणाऱ्याला कुणी विचारत नाही. दहावीपर्यंत मराठीत गणित केलेल्या मुलांना अकरावीत ते इंग्रजीत भेटतं. त्यांना हवा असतो पायरीचा खुलासा, आणि तो आपल्या बोलीत. फोटो दाखवला की पुरं उत्तर ओकणारी अ‍ॅप आता आहेत. आपण नेमके कुठे अडलो ते सांगायची गरजच त्यांच्यापुढे उरत नाही.

आणि आव्हानाचं जुनं घराणं अजून नांदतं आहे. सीईटीच्या दिवशी हीच मुलं वेगवेगळ्या संगणकांपुढे एकेकटी बसतात आणि पर्सेंटाइलसाठी एकमेकांशीच झुंजतात. प्रश्न काढणाऱ्याकडे उत्तर असतं, फिओरेकडे होतं तसंच. फरक इतकाच की टार्टाग्लियाने रीत लपवली होती. ही मुलं परीक्षेच्या आदल्या रात्रीपर्यंत ती प्रतिस्पर्ध्याला समजावून सांगत असतात.