पडद्यावरचा जुळारी

गिरगावात ठाकूरद्वारच्या नाक्यावरून कुठल्याही बाजूला थोडे चालले, की अक्षरांच्या धंद्याशी गाठ पडते. खाडिलकर रोडवर, म्हणजे जुन्या कांदेवाडीत, लग्नपत्रिकांची दुकाने ओळीने उभी आहेत. ज्यांचे नाव या रस्त्याला आहे, त्या कृ. प्र. खाडिलकरांनी १९२३ साली ‘नवाकाळ’ काढला. खटाववाडीत मौजेचा छापखाना. ‘सत्यकथा’चे अंक तिथेच जुळले. आणि काळबादेवीच्या अंगाला कोलभाट गल्ली, जिथल्या ‘निर्णयसागर’च्या ठशातले संस्कृत ग्रंथ अजूनही पंडितांच्या कपाटात असतात.

अशा वस्तीत संगणकावरचा ब्राउझर बदलण्याचा इतिहास नुसत्या वेगाच्या आणि सुरक्षिततेच्या भाषेत सांगितला, तर तो अर्धाच सांगितल्यासारखे होईल. मराठी वाचकाने एक ब्राउझर सोडून दुसरा धरला, त्यामागे पंधरा-वीस वर्षे एकच सवाल होता: अक्षर नीट दिसते का?

हा सवाल संगणकाने आणलेला नाही. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत शिळाछापावर पंचांग काढले, तेव्हा सोवळ्यातले लोक छापील कागदाला हात लावायला तयार नव्हते. शाईत चरबी असते, हा आक्षेप. गणपत कृष्णाजींनी तुपाची शाई केली आणि पंचांग घरोघरी गेले. पुढे जावजी दादाजी आले. लहानपणी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात थॉमस ग्रॅहॅमच्या हाताखाली खिळे घासणारा हा पोरगा १८६४ साली स्वतःचा खिळे ओतण्याचा कारखाना काढून बसला आणि १८६९ साली त्याने निर्णयसागर छापखाना सुरू केला. राणोजी रावजी आरू या कसबी मित्राने कोरलेल्या ठशांवरून ओतलेले ते खिळे इतके देखणे होते, की निर्णयसागरचे वळण हेच देवनागरीचे वळण असे पुढच्या पिढ्या धरून चालल्या. जावजींनी हे खिळे आपल्या छापखान्यापुरते कोंडून ठेवले नाहीत. ज्याला हवे त्याला ते विकत मिळत. त्या खिळ्यांनी कोणी काय छापावे, वाचणाऱ्याने कुठला चश्मा लावावा, याची अट नव्हती. ही बाब पुढे उपयोगी पडणार आहे.

खिळे जुळवणे हे डोळ्यांचे आणि बोटांचे काम. देवनागरीचे शेकडो खिळे केसच्या, म्हणजे खिळ्यांच्या पेटीच्या, खणांतून मांडलेले. जोडाक्षरे, अर्धी अक्षरे, काने, मात्रा, सगळ्यांचे खण वेगळे. ‘किल्ला’ हा शब्द जुळवायचा, तर जुळारी आधी ऱ्हस्व वेलांटी उचली, मग ‘क’. बोलताना क आधी आणि इ नंतर, पण कागदावर वेलांटी आधी येते. जीभ आणि डोळा यांच्यातली ही उलटापालट जुळाऱ्याच्या हाताला इतकी सवयीची, की त्याला ती उलटापालट वाटतच नसे.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटापासून गिरगावातल्या छापखान्यांत डीटीपी (संगणकावरची अक्षरजुळणी) शिरले आणि शिशाचे खिळे किलोवर मोडीत निघाले. पेजमेकर, श्रीलिपी, आकृती ही नावे बोलीत रुळली. नवी यंत्रे जुन्या केसच्या पद्धतीनेच चालत होती, हे मात्र फारसे कोणाच्या लक्षात आले नाही. इंग्रजीसाठी आखलेल्या फाँटमध्ये दोनशेच्या आसपास जागा. त्यांत देवनागरीचे तुकडे बसवलेले. एका जागेवर अर्धा ष, दुसऱ्या जागेवर काना. वेलांटी इथेही क-च्या आधीच. शिवाय प्रत्येक कंपनीने खण आपल्या मर्जीने मांडलेले. त्यामुळे एकीची फाइल दुसरीच्या फाँटमध्ये उघडली, की ओळखीचा मजकूर भलतीच अक्षरे पांघरून येई. छापखान्यात कोणी फ्लॉपी घेऊन आला, की पहिला प्रश्न ठरलेला: “फाँट कुठला?” कागदावर एकदा छापून झाले, की तो प्रश्न संपत असे.

इंटरनेटवर तो संपेना.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने लोकांसाठी इंटरनेट खुले केले. विद्यार्थ्यांच्या स्वस्त खात्यात चित्रे नव्हती. काळ्या पडद्यावर लिंक्स नावाचा ब्राउझर नुसता मजकूर दाखवी, तोही रोमन. ज्यांना जास्त पैसे भरणे परवडले, ते नेटस्केपवर गेले. तिथे चित्रे आली आणि मराठीही आली, पण आधी चित्र म्हणूनच: छापलेला मजकूर स्कॅन करून चिकटवलेला. मग दैनिकांनी आपापले डीटीपीचे फाँट जालावर आणले. ‘फाँट उतरवून घ्या’ असा दुवा पहिल्याच पानावर असे. तो फाँट संगणकात नसला, तर संपादकीयाच्या जागी टक्क्याची चिन्हे, कंस आणि उलटी प्रश्नचिन्हे यांची रांग दिसे. परदेशातल्या कचेरीत, जिथे संगणकावर काही चढवायची परवानगी नाही, तिथल्या मराठी माणसाला आपले वर्तमानपत्र असे चिन्हांतच वाचावे लागे.

यावर मायक्रोसॉफ्टने तोड काढली: फाँट पानाबरोबरच धाडायचा. वाचकाला काही उतरवून घ्यावे लागत नव्हते. पण जावजींच्या खिळ्यांना नसलेली अट इथे आली: या फाँटवर संकेतस्थळाच्या पत्त्याचे कुलूप घालता येई आणि तो फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्ये उघडे. नेटस्केपची अशीच दुसरी पद्धत होती. ती नेटस्केपबरोबर मावळली. १९९८ साली विंडोज ९८ आले, त्यात एक्सप्लोरर मुळातच बसवलेला. अमेरिकेच्या न्याय खात्याने त्याच वर्षी मे महिन्यात मायक्रोसॉफ्टवर मक्तेदारीचा खटला भरला. जगभर चर्चा झाली ती स्पर्धेची. गिरगावातल्या वाचकाला मात्र एक्सप्लोरर सोडणे अवघड होते ते फुकट मिळाला म्हणून नव्हे, तर त्याचे वर्तमानपत्र दुसरीकडे उघडत नव्हते म्हणून.

९ नोव्हेंबर २००४ रोजी फायरफॉक्सची पहिली आवृत्ती आली. तोवर एक्सप्लोरर ६ व्हायरस आणि उसळत्या जाहिरातींनी पुरता बदनाम झाला होता. घरोघरच्या कॉलेजकुमारांनी लॅमिंग्टन रोडवरून जुळवून आणलेल्या संगणकावर फायरफॉक्स चढवला. दोन दिवसांनी वडिलांची तक्रार येई: “अरे, यात पेपर दिसत नाही. ते निळं ई परत आण.” तक्रार खरी होती. फायरफॉक्सला ते कुलूपबंद फाँट वाचता येत नसत. मग काही स्वयंसेवकांनी ‘पद्मा’ नावाचे पूरक लिहिले. जुन्या फाँटमधले पान उघडता उघडता ते त्याचे रूपांतर करी. एका ब्राउझरमधून दुसऱ्यात जाण्यासाठी मधे असा दुभाषा लागावा, ही वेळ इंग्रजी वाचकावर कधीच आली नाही.

खरा तोडगा आधीच जन्मलेला होता. युनिकोडची पहिली आवृत्ती ऑक्टोबर १९९१मधली; भारतीय लिप्यांची त्यातली मांडणी भारत सरकारच्या १९८८च्या इस्की संकेतावर बेतलेली. अक्षर कसे दिसते ते यात नोंदवत नाहीत, ते कुठले आहे एवढेच नोंदवतात. ‘किल्ला’ लिहिताना आधी क, मग वेलांटी, बोलण्याच्या क्रमाने. वेलांटी उचलून पुढे नेणे, ल-ला ल जोडणे हे काम वाचकाच्या संगणकाने करायचे. विंडोज २०००सोबत आलेला ‘मंगल’ हा फाँट यासाठीच घडवलेला. तो घडवणारे र. कृ. जोशी मुंबईचेच म्हणायला हवेत: पवईच्या आयआयटीत त्यांनी शिकवले, पुढे जुहूच्या एनसीएसटीत लिप्यांवर काम केले.

थोडक्यात, जुळारी छापखान्यातून उठून वाचकाच्या संगणकात येऊन बसला. आणि सगळे जुळारी सारख्या हाताचे नव्हते. विंडोज एक्सपीवर एक्सप्लोरर देवनागरी बरी जुळवी. फायरफॉक्समध्ये तीच वेलांटी क-च्या उजवीकडे लोंबकळे, जोडाक्षरे पाय मोडून पडत. उपाय होता: कंट्रोल पॅनेलमध्ये ‘रिजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स’ उघडायचे, अवघड लिप्यांच्या फाइलींपुढे खूण करायची, विंडोजची मूळ सीडी घालायची आणि संगणक पुन्हा चालू करायचा. मूळ सीडी! लॅमिंग्टन रोडच्या किती संगणकांबरोबर ती मिळाली असेल, हे त्या रस्त्याला माहीत असलेल्यांना सांगायला नको.

मोबाइलवर हेच नाटक पुन्हा झाले. सुरुवातीच्या अनेक फोनांना देवनागरी जुळवता येत नसे. पानभर चौकोन दिसत. तेव्हा पोरांमध्ये एक युक्ती तोंडोतोंडी पसरली. ओपेरा मिनी उतरवायचा, पत्त्याच्या जागी ‘कॉन्फिग’चा पत्ता टाकायचा आणि तळाशी अवघड लिप्यांसाठी चित्ररूप अक्षरे वापरण्याचा जो पर्याय आहे, तिथे ‘होय’ करायचे. मग ओपेराचा दूरचा सर्व्हर पान स्वतः जुळवून अक्षरांची बारीक चित्रे फोनवर धाडी. दिसायला किंचित धुरकट, पण वाचता येण्यासारखी. चर्नीरोडला गाडी पकडून विरारपर्यंत पेपर वाचायची सोय झाली. ओपेरा मिनीची ख्याती डेटा वाचवण्यासाठी. मराठी तरुणांनी तो अक्षरांसाठीही ठेवला.

२००० ते २०१० या दशकाच्या उत्तरार्धात मराठी दैनिके एकेक करून युनिकोडवर आली आणि एक्सप्लोररची गाठ सैल झाली. गूगलमध्ये मराठीत ‘ठाकूरद्वार’ लिहून बातमी सापडू लागली, हीदेखील तेव्हाचीच गोष्ट. जुन्या फाँटमधला मजकूर शोधयंत्राला निव्वळ निरर्थक अक्षरांचा ढीग वाटे. २ सप्टेंबर २००८ रोजी क्रोम आला आणि काही वर्षांत घराघरात पसरला. एक्सप्लोरर त्यानंतरही उरला तो सनदी लेखापालांच्या आणि ठेकेदारांच्या टेबलावर, कारण डिजिटल सहीची बरीच सरकारी कामे त्याच्याविना अडत. १५ जून २०२२ रोजी मायक्रोसॉफ्टने त्याचा आधार थांबवला, तेव्हा हळहळ वाटली असेल तर अशा कचेऱ्यांना.

आज क्रोम आणि फायरफॉक्स या दोघांच्या पोटात अक्षरे जुळवणारी एकच मुक्त प्रणाली आहे, हार्फबझ. म्हणजे ब्राउझर बदलला तरी जुळारी तोच. मराठीपुरती शिल्लक राहिली आहे ती वळणाची बाब. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयाने पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ही मराठीची रूपे ठरवून दिली. पडद्यावर अजूनही उत्तरेकडचे वळण सर्रास दिसते. फाँटमध्ये दोन्ही रूपे असली आणि पानाची भाषा मराठी अशी नोंद असली, तर ब्राउझर मराठी रूप निवडतो. बरीच मराठी संकेतस्थळे ती नोंद करतच नाहीत. दोष ब्राउझरचा नव्हे, पान बांधणाऱ्याचा.

आणि एक काम तातडीचे आहे. डीटीपीच्या पहिल्या वीस वर्षांतले दिवाळी अंक, स्मरणिका, गणेशोत्सव मंडळांची वृत्ते आजही जुन्या फाँटच्या फाइलींत अडकून आहेत. निर्णयसागरच्या खिळ्यांनी छापलेले पान दीडशे वर्षांनी उघडून वाचता येते. १९९५ची फ्लॉपी येत नाही. गिरगावातल्या ज्या छापखान्यांकडे, प्रकाशकांकडे, मंडळांकडे अशा सीडी असतील, त्यांनी मजकुराबरोबर त्याचा फाँटही जपावा आणि त्या फाँटचे खण पाठ असलेले डीटीपीवाले अजून कामावर आहेत तोवर तो मजकूर युनिकोडमध्ये उतरवून घ्यावा.