फोर्टमधील विस्मृत न्यायमंदिर

फोर्टमध्ये लायन गेटसमोर उभी असलेली ग्रेट वेस्टर्न बिल्डिंग ही मुंबईतील सर्वांत जुन्या वास्तूंपैकी एक. अठराव्या शतकात ‘अ‍ॅडमिरल्टी हाउस’ या नावाने ती नौदलप्रमुखांचे निवासस्थान होती. पुढे तेथे रेकॉर्डर्स कोर्ट व नंतर सुप्रीम कोर्ट भरू लागले. १८६२ मधील गाजलेला महाराज लायबल खटला याच सुप्रीम कोर्टापुढे चालला. पत्रकार करसनदास मुळजी यांच्या बाजूने डॉ. भाऊ दाजी लाड यांनी साक्ष दिली आणि मुख्य मुद्द्यावर करसनदास जिंकले. त्याच वर्षी स्थापन झालेले उच्च न्यायालय १८७९ मध्ये सध्याच्या इमारतीत गेले. वाड्याला आजचे नाव मिळाले ते नंतरच्या हॉटेलामुळे. न्यायालयाची स्मृती मात्र पुसट झाली. वास्तूचे जतन करताना तीही जपायला हवी.