जुनी मस्टँग खाली कशी उतरवतात? सस्पेन्शन लोअरिंगमागचं गणित, सोप्या भाषेत

रील्स बघताना जुन्या अमेरिकन मसल कार्स तुम्हीही पाहिल्या असतील. लांब बॉनेट, जाड टायर आणि रस्त्याला जवळजवळ टेकलेली बॉडी. खाली कमेंटमध्ये एक वाक्य हमखास सापडतं : "स्प्रिंग कापली की झालं!"

खरंच इतकं सोपं आहे का? गाडी खाली येईल, यात शंका नाही. पण ती नीट चालेल का, वळेल का आणि ब्रेक मारल्यावर सरळ थांबेल का, हा वेगळा प्रश्न आहे. आज आपण १९६५-६६ ची फोर्ड मस्टँग उदाहरण म्हणून घेऊ आणि लोअरिंग म्हणजे नेमकं काय ते समजून घेऊ. (काही जाणकार मस्टँगला मसल कार न म्हणता 'पोनी कार' म्हणतात. पण तिची व्ही-८ इंजिनवाली मॉडेल्स मसल कारच्याच गप्पांमध्ये येतात.)

मस्टँगच्या खाली काय आहे?

पुढच्या प्रत्येक चाकाला दोन आर्म असतात, एक वरचा आणि एक खालचा. बहुतेक गाड्यांमध्ये कॉइल स्प्रिंग खालच्या आर्मवर बसते. मस्टँगमध्ये ती वरच्या आर्मवर बसते आणि तिचं वरचं टोक इंजिनच्या बाजूला असलेल्या पत्र्याच्या उंच खांबात असतं. त्याला शॉक टॉवर म्हणतात. बॉनेट उघडलं की इंजिनच्या दोन्ही बाजूंना हे टॉवर दिसतात.

मागची रचना आपल्या ओळखीची आहे. एक सलग ॲक्सल आणि त्याखाली कमानपाटे. ट्रक किंवा जुन्या जीपच्या खाली वाकून पाहिलं असेल, तर हा प्रकार लगेच लक्षात येईल.

खाली उतरवून फायदा काय?

गाडी वळते तेव्हा तिचं वजन बाहेरच्या चाकांकडे सरकतं. गुरुत्वमध्य जितका उंच, तितकं जास्त वजन सरकतं. म्हणून गाडी खाली आणली की ती वळणावर जास्त स्थिर राहते.

पण किती? एक साधा हिशोब करू. समजा गुरुत्वमध्य जमिनीपासून ५०० मिमीवर आहे आणि आपण गाडी २५ मिमी, म्हणजे साधारण १ इंच, खाली आणली. तर सरकणारं वजन फक्त ५ टक्क्यांनी कमी होईल. फायदा आहे, पण रीलमध्ये वाटतो तेवढा नाही. खरा फरक पडतो तो वळताना टायर रस्त्यावर कसा टेकतो यामुळे. इथे आर्मचा कोन महत्त्वाचा ठरतो.

हात वर करून बघा

हे समजायला एक प्रयोग करा. हात बाजूला सरळ, पण खांद्याच्या थोडा खाली धरा. आता सरळच ठेवून हळूहळू वर न्या. हात खांद्याच्या रेषेत येईपर्यंत तळवा शरीरापासून लांब जातो. त्या रेषेच्या वर गेला की तळवा पुन्हा शरीराकडे येतो.

मस्टँगचा वरचा आर्म असंच काम करतो. खांदा म्हणजे टॉवरवरचा बोल्ट, तळवा म्हणजे चाकाचं वरचं टोक. कंपनीतून आलेल्या गाडीत आर्मचं आतलं टोक उंच असतं. वळताना बाहेरचं चाक वर दबतं, तेव्हा त्याचं वरचं टोक बाहेर ढकललं जातं आणि टायर बाहेरच्या कडेवर उभा राहतो. पकड हवी असते नेमकी त्याच वेळी ती कमी होते.

उपाय काय? खांदाच खाली आणायचा. मग चाक वर दबताना त्याचं वरचं टोक आत ओढलं जातं आणि कललेल्या गाडीचा टायरही रस्त्यावर बराचसा सपाट राहतो.

दोन भोकांची कमाल : शेल्बी ड्रॉप

हा उपाय नवा नाही. फोर्डचे सस्पेन्शन इंजिनिअर क्लाउस आर्निंग यांच्या नावावरून त्याला 'आर्निंग ड्रॉप' म्हणतात. कॅरोल शेल्बी यांच्या कंपनीने १९६५ च्या जीटी-३५० मस्टँगमध्ये तो वापरला, म्हणून 'शेल्बी ड्रॉप' हे नाव जास्त प्रसिद्ध झालं. ही गाडी अमेरिकेतल्या एससीसीए रेसिंगच्या बी-प्रॉडक्शन गटात १९६५, १९६६ आणि १९६७ अशी सलग तीन वर्षं विजेती ठरली. त्यात इंजिन, ब्रेक आणि ड्रायव्हर यांचाही वाटा होता, पण पुढच्या सस्पेन्शनमधला हा बदल त्या गाडीच्या ओळखीचा भाग बनला.

काम असं : वरचा आर्म ज्या दोन भोकांत बसतो, त्यांच्या बरोबर १ इंच खाली प्रत्येक टॉवरवर नवी दोन भोकं पाडायची आणि आर्म तिथे बसवायचा. बस्स! स्प्रिंग तीच, आर्म तोच. गाडीचं नाक साधारण ५/८ इंच, म्हणजे १६ मिमी, खाली येतं. दिसायला फरक छोटा, पण वळताना मोठा.

हा बदल साधारण कसा करतात?

१. टॉवरला गंज किंवा तडा आहे का ते आधी पाहतात. असेल तर आधी पत्र्याची दुरुस्ती, मग पुढचं काम.

२. गाडी पक्क्या स्टँडवर उभी करतात. नुसत्या जॅकवर कधीच नाही.

३. कंप्रेसर टूलने स्प्रिंग दाबून बाहेर काढतात.

४. आर्म सोडवून, मापाचा साचा लावून नव्या भोकांच्या खुणा करतात. भोक साधारण १३.५ मिमीचं असतं. इथे २-३ मिमीची चूक झाली तरी चाकाचा कोन बिघडतो.

५. आर्म नव्या भोकांत बसवतात, बोल्ट ठरलेल्या टॉर्कने आवळतात आणि मग व्हील अलाइनमेंट करून घेतात.

तिसरी पायरी सगळ्यात धोकादायक आहे. व्ही-८ मस्टँगचं वजन साधारण १,३०० किलो आणि त्यातलं अर्ध्याहून जास्त पुढे. म्हणजे पुढच्या एका चाकावर ३५० किलोच्या आसपास. स्प्रिंग आर्मच्या मधोमध असल्यामुळे तिच्यावरचा भार जवळजवळ दुप्पट होतो. चाक हवेत लटकत असलं तरी स्प्रिंग दाबलेलीच असते. ती सुटली तर हात मोडू शकतो, जीवही जाऊ शकतो. यूट्यूबवर बघून घरी करण्यातलं हे काम नाही.

मग स्प्रिंग कापली तर?

स्प्रिंग कापणं हा प्रकार अमेरिकेत पूर्वीपासून चालत आला आहे आणि तो नेहमीच चुकीचा असतो असं नाही. पण तीन गोष्टी माहीत हव्यात.

पहिली, वेढे कमी झाले की स्प्रिंग कडक होते. काम करणारे ८ वेढे असतील आणि १ कापला, तर ती साधारण १४ टक्के जास्त कडक होते.

दुसरी, मस्टँगमध्ये स्प्रिंग थोडीशी छोटी केली तरी गाडी साधारण त्याच्या दुप्पट खाली येते. "अजून थोडं" म्हणून एक पूर्ण वेढा कापला की गाडी रबरी बंप स्टॉपवर जाऊन बसू शकते. मग प्रत्येक खड्डा थेट बॉडीला लागतो.

तिसरी, गॅस कटरने कापू नये. त्या उष्णतेने पोलादाचा कस जातो आणि स्प्रिंग पुढे बसते किंवा तुटते. कापायचीच असेल तर कटिंग डिस्कने, थंड ठेवत.

आणि मुख्य मुद्दा : नुसती स्प्रिंग कापून 'खांदा' खाली येत नाही. गाडी कमी उंचीची होते, पण आर्मच्या आतल्या टोकाची जागा तीच राहते. म्हणून जाणकार आधी शेल्बी ड्रॉप करतात, आणि तरीही गाडी उंच वाटली तर त्याच मॉडेलसाठी बनवलेली छोटी स्प्रिंग लावतात.

मागची बाजू

पुढचं नाक खाली गेल्यावर मागचा भाग उंच दिसतो. तिथे दोन मार्ग आहेत.

लोअरिंग ब्लॉक : ॲक्सल आणि कमानपाट्यांच्या मध्ये धातूचा ठोकळा बसवतात आणि लांब यू-बोल्टने आवळतात. स्वस्त आणि सोपं. पण ठोकळा जितका जाड, तितका जोरात ॲक्सिलरेटर दिल्यावर ॲक्सल पाट्यांना पिळतो. म्हणून १ इंचाच्या आसपास थांबलेलं बरं.

कमी कमानीचे पाटे : थोडे सपाट, किंवा टोकाचा डोळा उलट्या बाजूला वळवलेले. खर्च जास्त, पण काम जास्त नेटकं.

काम झाल्यावर काय तपासायचं?

- अलाइनमेंट : मूळ आकडे जुन्या बायस-प्लाय टायरसाठी होते. आजच्या रेडियल टायरवर कॅम्बर साधारण उणे अर्धा अंश आणि कॅस्टर अधिक २ ते ३ अंश ठेवतात. १९६५-६६ च्या गाडीत हे आर्ममागच्या पातळ पट्ट्यांनी, म्हणजे शिम्सने, जुळवतात.
- स्टीअरिंग पूर्ण वळवून आणि गाडी दाबून टायर मडगार्डला घासतो का ते बघा.
- सरळ रस्त्यावर खड्डा आल्यावर गाडी आपोआप एका बाजूला ओढते का? तसं असेल तर टाय रॉडचा कोन तपासायला हवा.
- शॉकअपची लांबी नव्या उंचीला पुरते का?
- हेडलाइटचा झोत पुन्हा सेट करा.

तुमचे प्रश्न

किती खाली उतरवावी? रोज चालवायच्या मस्टँगसाठी पुढे-मागे साधारण १ इंच पुरे. त्यापुढे प्रत्येक इंचाला नवे पार्ट्स लागतात.

१९६७ नंतरच्या मस्टँगला हीच मापं चालतील का? नाही. फोर्डने त्या वर्षी पुढच्या सस्पेन्शनची रचना बदलली. त्या मॉडेलची वेगळी मापं शोधा.

माझ्या भारतातल्या गाडीला असं करू का? थांबा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळं होईल असं फेरफार करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय आपल्याकडे प्रमाण गतिरोधकच १० सेमी उंच असतो, आणि गल्लीतले तर कुठलंच माप पाळत नाहीत.

थोडक्यात सांगायचं, तर पुढच्या वेळी जमिनीला टेकलेली मस्टँग दिसली की ती किती खाली आहे हे विचारू नका. वरचा आर्म कुठे बसवलाय ते विचारा. उत्तर देता आलं, तर समजा गाडी जाणकाराच्या हातात आहे.