पंचावन्नावे नाव

एखादी बोली स्वतंत्र भाषा केव्हा मानायची आणि ती बोलणाऱ्या माणसांना स्वतंत्र समाज केव्हा म्हणायचे? हे दोन प्रश्न आपण बहुधा एका दमात विचारतो. पहिल्याचे उत्तर मिळाले की दुसऱ्याचेही मिळाले, असे गृहीत धरतो. चीनच्या नैर्ऋत्येकडील युनान प्रांतात विसाव्या शतकात हेच प्रश्न सरकारी कामकाजाचा भाग बनले. तेथील जिनो या छोट्या डोंगरी समाजाची हकिकत त्या दृष्टीने उद्बोधक आहे.

प्रथम भाषेचे कूळ पाहू. तीन या संख्येला तिबेटीत ‘सुम’, मणिपुरीत ‘अहुम’ आणि मिझोत ‘पाथुम’ म्हणतात. पाचाला मणिपुरीत ‘मङा’, मिझोत ‘पाङा’, तर म्यानमारच्या ब्रह्मी भाषेत ‘ङा’. असे साम्य योगायोगाचे नसते. या साऱ्या भाषा तिबेटी-ब्रह्मी कुळातल्या. याच कुळात ब्रह्मीच्या निकटचा एक मोठा गट आहे. भाषाशास्त्रात त्याला ‘लोलो’ गट म्हणतात. यी, हानी, लिसू, लाहू या समाजांच्या भाषा त्यात येतात आणि जिनोही त्यातलीच. तिच्यात मराठीप्रमाणे क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. मात्र स्वराची पट्टी बदलली की शब्दाचा अर्थ बदलतो. तिला स्वतःची पारंपरिक लिपी नाही.

‘लोलो’ हे नाव मात्र परक्यांनी दिलेले आणि चीनमध्ये हिणवण्यासाठी वापरले गेलेले. आजचे अधिकृत नाव ‘यी’. त्यासाठी पूर्वी लिहिले जाणारे चिनी अक्षर ‘रानटी’ अशा अर्थाचे होते. १९५० च्या दशकात त्याच उच्चाराचे, पण ‘विधीतील पात्र’ अशा अर्थाचे अक्षर त्याच्या जागी आले. उच्चार तोच राहिला आणि अपमान तेवढा गेला.

१९५३ साली नव्या चीनची पहिली जनगणना झाली. आपली जमात कोणती, हे लोकांनीच सांगायचे होते. देशभरातून चारशेहून अधिक नावे आली, त्यांपैकी अडीचशेहून अधिक एकट्या युनानमधून! इतक्या नावांवर राज्यकारभार कसा चालवायचा? म्हणून १९५४ मध्ये मानववंशशास्त्रज्ञ लिन याओहुआ यांच्या नेतृत्वाखाली युनानमध्ये एक पथक पाठवण्यात आले. फू माओजी यांच्यासारखे भाषाशास्त्रज्ञ त्यांच्या सोबतीला होते. कसोट्या स्टालिनच्या १९१३ सालच्या लेखातून घेतलेल्या होत्या : समान भाषा, समान भूप्रदेश, समान आर्थिक जीवन आणि समान संस्कृतीतून घडलेली मानसिकता. पथकाच्या हाती अवघे सहा महिने होते. तेवढ्यात मानसिकता कशी मोजणार? शब्दांच्या याद्या मात्र जमवता येतात आणि ताडूनही पाहता येतात. त्यामुळे प्रत्यक्षात भाषा हीच मुख्य मोजपट्टी ठरली.

इतिहासकार थॉमस मुलानी यांनी २०११ च्या आपल्या पुस्तकात याची आणखी एक बाजू दाखवून दिली. या वर्गीकरणाचा आराखडा एच. आर. डेव्हिस या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यापर्यंत मागे जातो. ब्रिटिश हिंदुस्थान आणि यांगत्से नदीचे खोरे रेल्वेने जोडता येईल का, हे पाहण्यासाठी डेव्हिस युनानमध्ये हिंडला होता. वाटेत त्याने शब्दसंग्रह केला आणि १९०९ च्या ग्रंथात तेथील जमाती भाषेनुसार लावून दाखवल्या. म्हणजे लोहमार्गाच्या शोधात निघालेल्या माणसाची टिपणे पुढे लाखो लोकांच्या अधिकृत ओळखीच्या पायाशी गेली.

आम्हा विज्ञानाच्या लोकांना वर्गीकरणाची सवय असते आणि त्याच्या मर्यादांचीही. भाषांचा वंशवृक्ष काढला की कोण कोणाच्या जवळचे ते कळते. पण फांदी नेमकी कोठे तोडून तिला वेगळे नाव द्यायचे, हे झाड सांगत नाही. युनानमधील सानी आणि सिचुआनमधील नोसू या दोघांनाही यी या एका नावाखाली घालण्यात आले. आज यी लोकसंख्या सुमारे ९८ लाख आहे. परंतु सानी बोलणाऱ्याला नोसू भाषा समजत नाही. अनेक सानी लोक आजही आपली ओळख आधी सानी म्हणूनच देतात. उलट, जिनो हा एक समाज मानला गेला, तरी योउले आणि बुयुआन या त्याच्या दोन बोली बोलणाऱ्यांना एकमेकांचे बोलणे कळणे अवघड जाते.

जिनो लोक युनानच्या दक्षिण टोकाला, शीश्वांगबान्ना भागात जिंगहोंगजवळच्या डोंगरात राहतात. फिरती शेती, शिकार आणि चहा ही त्यांची जुनी उपजीविका. चिनी लोक त्यांना ‘योउले’ म्हणत. पू-अर चहाच्या सहा प्रसिद्ध डोंगरांत योउलेचे नाव आहे. त्यांच्याविषयी एक दंतकथा सांगतात. तिसऱ्या शतकातील सेनानी झुगे लियांग याच्या सैन्यातील काही शिपाई झोपून राहिले, मागे पडले. त्यांचे हे वंशज. चिनीत ‘दिउलुओ’ म्हणजे मागे टाकलेले, त्यावरून योउले! झुगे लियांगची इ. स. २२५ ची मोहीम इतक्या दक्षिणेला पोहोचल्याचा पुरावा नाही. पण अशी कथा खरी मानली, तर हे लोक म्हणजे वाट चुकलेले चिनीच ठरतात.

त्यांची स्वतःची कथा निराळी आहे. आमो याओबाई या आदिमातेने सृष्टी घडवली. महापुरात एका मोठ्या ढोलात बसून वाचलेल्या जोडप्यापासून माणसांचा वंश पुढे चालला. म्हणून ढोल त्यांना पवित्र. आणि ते स्वतःला म्हणवतात ‘जिनो’. या नावाचा अर्थ ‘मामाचे वंशज’ असा लावतात. संशोधक दू यूटिंग १९५८ मध्ये या डोंगरात गेले आणि हा स्वतंत्र समाज आहे, असे त्यांनी मांडले. पुढे बरीच वर्षे हा प्रश्न रेंगाळला. १९७७ नंतर पुन्हा पाहणी झाली आणि १९७९ मध्ये जिनोंना मान्यता मिळाली. चीनच्या यादीतील हे पंचावन्नावे आणि आजवरचे शेवटचे अल्पसंख्य नाव. १९८२ च्या जनगणनेत ते सुमारे १२ हजार होते, २०२० मध्ये सुमारे २६ हजार. यादीबाहेर राहिलेल्यांची संख्या २०१० मध्ये सहा लाखांवर होती.

मान्यतेने नाव टिकते. भाषा टिकतेच असे नाही. शाळा आणि बाजार चिनी भाषेत चालतात. लिपी नसलेली भाषा घरातल्या बोलण्यावरच जगते. घरात ती थांबली, तर यादीतले नाव तिला वाचवू शकत नाही.

आपल्याकडेही हे घडते. भारताच्या २०११ च्या जनगणनेत मातृभाषांची १९,५६९ नावे नोंदली गेली. छाननीनंतर त्यांच्या १,३६९ मातृभाषा झाल्या आणि त्या १२१ भाषांत बसवल्या. त्यात अहिराणी ‘खानदेशी’खाली आली. दहा हजारांपेक्षा कमी भाषक असलेल्या भाषांना वेगळी जागा नसते. त्या ‘इतर’मध्ये जातात. गणनेसाठी हे करावे लागते, हे मान्य. पण गणनेची सोय म्हणजे निसर्गनियम नव्हे, हे विद्यार्थ्यांना समजले पाहिजे.

त्यासाठी वर्गात एक सोपा प्रयोग करून पाहावा. प्रत्येकाने दोन नावे लिहायची : आपण घरच्या बोलीला काय म्हणतो आणि शेजारच्या गावचे लोक तिला काय म्हणतात. दोन्ही नावे एकच आली, तर पुढे जावे. वेगळी आली, तर वर्गाने तेथे थोडा वेळ थांबावे आणि ज्याची ती बोली आहे, त्याला आधी बोलू द्यावे.