ॲल्युमिनियम इंजिन ब्लॉकवरील क्षरण व त्याचे निर्मूलन

ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूपासून ओतलेल्या इंजिन ब्लॉकच्या पृष्ठभागावर, विशेषतः शीतलकाच्या मार्गांत आणि सिलिंडर हेडच्या जोडपृष्ठावर, साचणारे क्षरणाचे थर काढून टाकण्याच्या प्रक्रियेला क्षरण निर्मूलन म्हणतात. ओतीव लोखंडी ब्लॉकसाठी रूढ असलेल्या अनेक पद्धती ॲल्युमिनियमसाठी घातक ठरतात.

कारणे

हवेच्या संपर्कात येताच ॲल्युमिनियमवर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर तयार होतो आणि तो आतील धातूचे रक्षण करतो. हा थर साधारणपणे ४ ते ८.५ या सामू मूल्यांदरम्यान स्थिर राहतो. शीतलकातील क्षरणरोधक द्रव्ये कालांतराने क्षीण होतात. क्लोराइडयुक्त पाणी वापरल्यास थर जागोजागी भेदला जाऊन खड्डे पडतात. ॲल्युमिनियम व पोलाद शीतलकात एकमेकांना चिकटून असल्यास विद्युतघट तयार होतो व त्यात ॲल्युमिनियमची झीज होते. लोखंडाचा गंज तांबूस असतो, तर ॲल्युमिनियमच्या क्षरणातून पांढरी भुकटी तयार होते.

स्वच्छतेच्या पद्धती

ॲल्युमिनियम उभयधर्मी असल्याने ते तीव्र आम्ल व तीव्र अल्कली या दोन्हींत विरघळते. लोखंडी ब्लॉक कॉस्टिक सोड्याच्या उष्ण द्रावणात बुडवून स्वच्छ करतात. त्याच द्रावणात ॲल्युमिनियमचा ब्लॉक टाकल्यास धातू विरघळून ज्वालाग्राही हायड्रोजन वायू बाहेर पडतो. म्हणून प्रथम ॲल्युमिनियमसाठी सुरक्षित अशा सौम्य द्रावणाने तेलकटपणा काढतात. त्यानंतर फॉस्फरिक आम्लाचे विरल द्रावण थोडा वेळ लावून भरपूर पाण्याने धुतात. हायड्रोफ्लोरिक आम्ल असलेली द्रावणे त्वचेतून शोषली जाऊन प्राणघातक ठरू शकतात.

जोडपृष्ठावरील थर प्लॅस्टिकच्या खरवडणीने काढतात. पोलादी तारेच्या ब्रशामुळे मऊ धातूवर ओरखडे उठतात व त्यात रुतलेले लोहकण नव्या क्षरणास कारण ठरतात. फिरत्या अपघर्षक चकत्यांनी पृष्ठभागाची सपाटी बिघडते, शिवाय त्यांचे कण तेलमार्गात शिरल्यास बेअरिंग खराब होतात. काचमण्यांच्या माऱ्यातही कण आत अडकण्याचा धोका असतो. खाण्याच्या सोड्याचा मारा त्या मानाने सुरक्षित असतो, कारण उरलेले कण पाण्यात विरघळतात.

तपासणी व दुरुस्ती

स्वच्छतेमुळे क्षरणाचे थर निघतात, परंतु नष्ट झालेला धातू भरून येत नाही. त्यामुळे ब्लॉक पुन्हा वापरण्याजोगा आहे की नाही, हे उरलेल्या खड्ड्यांची खोली व स्थान यांवरून ठरते. सरळ पट्टी व फीलर गेज यांच्या साहाय्याने सपाटी मोजतात. अनुज्ञेय विचलन सामान्यतः मिलिमीटरच्या काही शतांशांइतकेच असते. गॅस्केटच्या सीलरेषेवरील खड्ड्यांतून शीतलक सिलिंडरमध्ये किंवा तेलात झिरपू शकते. अशा वेळी उत्पादकाने ठरवलेल्या मर्यादेत पृष्ठभाग यंत्रावर तासतात, किंवा खड्डे वेल्डिंगने भरून मग तासतात. मर्यादा ओलांडल्यास ब्लॉक बदलावा लागतो.

प्रतिबंध

उत्पादकाने सांगितलेले शीतलक खनिजविरहित पाण्यात मिसळणे आणि ठरावीक मुदतीत बदलणे हा क्षरण टाळण्याचा प्रमुख उपाय आहे.