दावतीच्या सजावटीसाठी घरीच बनवा लाकडी बॅकड्रॉप

अकीका, बिस्मिल्लाह, रोजा कुशाई, मंगनी, मेंदी. घरातली दावत कोणतीही असो, फोटोसाठी मागे सजवलेला पडदा हवाच असतो. एका संध्याकाळीसाठी डेकोरेटरला दर वेळी भाडं मोजण्यापेक्षा लाकडी चौकट एकदाच केली, तर ती वर्षानुवर्षं चालते. सजावट बदलते, चौकट तीच राहते. मात्र बॅकड्रॉपमध्ये सगळ्यात महत्त्वाचे असतात त्याचे पाय, फुलं नव्हेत. समोर पोरं खेळतात, पडदा ओढतात, आणि खुर्चीवर बाळाला घेऊन आई बसलेली असते. म्हणून आधी मजबुती, मग शोभा.

माप किती घ्यावं?

प्रत्येकी ४ फूट रुंद आणि साडेसहा फूट उंच अशा दोन चौकटी करा. जोडल्यावर ८ फूट रुंदी मिळते, चार-पाच माणसं आरामात मावतात. या उंचीची चौकट घराच्या दारातून निघते आणि पंख्यालाही लागत नाही.

सामान

- २ इंच रुंद, दीड इंच जाड पाइनच्या पट्ट्या : एकूण ८० फूट
- ६ मिमी प्लायवूड : ८ × ४ फुटांची एक शीट
- ३ इंची आणि १ इंची स्क्रू, लाकडाचा गोंद
- ३ बिजागऱ्या, ८ बोल्ट आणि हाताने फिरवता येणारे नट
- पॉलिश पेपर, प्रायमर, पाण्यात मिसळणारा रंग

पट्ट्या लाकडाच्या वखारीत मिळतात. सरळ आणि सुक्याच निवडा. ओली पट्टी पुढे वाकते. जुन्या पॅलेटच्या फळ्या वापरणार असाल तर त्यावरचा शिक्का बघा. ‘एचटी’ म्हणजे लाकूड तापवून निर्जंतुक केलेलं, ते चालेल. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची प्रक्रिया झालेली. ते लाकूड घरात आणू नका.

चौकट

एका चौकटीला साडेसहा फुटांच्या दोन उभ्या पट्ट्या आणि ३ फूट ८ इंचांच्या तीन आडव्या पट्ट्या लागतात. उभ्या पट्ट्यांची २ इंची बाजू समोर ठेवा. आडव्या पट्ट्या वर, मध्ये आणि खाली लावा. खालची पट्टी जमिनीपासून ४ इंच वर घ्या, म्हणजे तिच्याखाली पाय बसवता येतो. स्क्रूआधी ड्रिलने बारीक भोक पाडा, नाहीतर पट्टी चिरते.

घट्ट पिळण्याआधी दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही साधारण ७ फूट साडेसात इंच, म्हणजे एकसारखे भरले तर चौकट काटकोनात आहे. मग मागून चारही कोपऱ्यांवर प्लायवूडचे ६ इंची त्रिकोण गोंद आणि स्क्रूने बसवा. चौकट डुगडुगू न देण्याचं खरं काम हे त्रिकोणच करतात.

दोन्ही चौकटी समोरच्या बाजूने बिजागऱ्यांनी जोडा. किंचित कोनात उभ्या केल्या की त्या जास्त स्थिर राहतात आणि काम झाल्यावर पुस्तकासारख्या मिटतात.

पाय आणि वजन

प्रत्येक उभ्या पट्टीला आतल्या बाजूने ३ फुटांचा पाय बोल्टने लावा. तो ६ इंच पुढे आणि अडीच फूट मागे राहील असा बसवा. पायाच्या मागच्या टोकापासून उभ्या पट्टीपर्यंत साडेतीन फुटांचा तिरका आधार द्या. प्रत्येक पायाच्या मागच्या टोकावर १० किलोची वाळूची पिशवी किंवा पाण्याने भरलेला १० लिटरचा कॅन ठेवा.

हे वजन चौकट पुढे पडू देत नाही, पण मागे पडण्यापासून वाचवत नाही. म्हणून घरात ती भिंतीलगत ठेवा. गच्चीवर किंवा अंगणात वजनावर भरवसा नको. ताशी ३५ किमीच्या वाऱ्यात एवढ्या पडद्यावर अंदाजे ३५ ते ४० किलोचा रेटा येतो. तिथे वरचे दोन्ही कोपरे दोरीने खांबाला किंवा कठड्याला पुढून-मागून बांधा. वारा वाढला की कापड उतरवा.

मेहराबीची कमान

प्लायवूडच्या शीटमधून ४ × ३ फुटांचे दोन तुकडे काढा. उरलेल्या २ फुटांच्या पट्ट्यातून कोपऱ्यांचे त्रिकोण निघतात. तुकड्याच्या खालच्या कडेवर दोन्ही बाजूंना ६ इंच सोडून एकेक खिळा ठोका. खिळ्यांमध्ये ३ फूट अंतर राहतं. ३ फुटांच्या दोरीला पेन्सिल बांधून दोन्ही खिळ्यांवरून एकेक चाप काढा. दोन्ही चाप मध्ये ३१ इंच उंचीवर भेटतात आणि टोकदार कमान तयार होते. ती जिगसॉने कापा, कडा घासून गुळगुळीत करा आणि चौकटीच्या वरच्या भागावर स्क्रूने लावा.

रंग, कापड, दिवे

रंग दोन-तीन दिवस आधी द्या. अकीक्याला बाळ जेमतेम सात दिवसांचं असतं, रंगाचा वास त्याला सोसवत नाही. चुण्या नीट पडायला १२ ते १६ फूट रुंदीचं कापड घ्या आणि वेल्क्रोने लावा, म्हणजे काढून धुता येतं. दिवे कमी व्होल्टेजच्या एलईडी पट्टीचेच लावा आणि वायरवर खिळा ठोकू नका. अगरबत्ती, लोबान आणि मेणबत्ती पडद्यापासून लांब ठेवा. थर्माकोलची अक्षरं नकोत. महाराष्ट्रात २०१८ पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे आणि तो पेटतोही लवकर.

नाव किंवा ‘अकीका मुबारक’ लिहायला हरकत नाही. आयत लावायची असेल तर वेगळ्या पाटीवर, सगळ्यांच्या डोक्यापेक्षा वर लावा आणि चौकट मोडण्याआधी अदबीने उतरवून ठेवा. कागदावर छापून चिकटवली तर सामान आवरताना ती कचऱ्यात किंवा पायाखाली जाते.

वापर झाल्यावर

पाय सोडवा, चौकट मिटा आणि विटांवर उभी ठेवा, म्हणजे पावसाळ्यातली ओल आणि वाळवी लागत नाही. नट-बोल्ट एका डब्यात घालून डबा चौकटीलाच बांधा. मोहल्ल्यातल्या चार-पाच घरांनी मिळून एकच चौकट केली तर खर्च वाटला जातो आणि ज्याच्या घरी तंगी आहे, त्यालाही कर्ज न काढता लेकीच्या मंगनीला तीच कमान उभी करता येते.